दीड वीत फळी

४ सप्टेंबर

चि. मिलिमीटर,

नमनाला घडाभर तेल न घालता कामाचं विचारतो. अक्षर नेहमीप्रमाणे मामीचं, बोल माझे.

मला मायटर सॉ घ्यायचा आहे. वरून खाली येऊन कापतो तो. त्यातही पुढेमागे सरकणारा, म्हणजे रुंद फळी न उलटवता एका दमात कापून होईल. तू त्या प्रयोगशाळेत दिवसभर परक्यांची यंत्रं तपासत असतेस, तर एक यंत्र घरच्या माणसाला निवडून दे. दुकानदाराला कोणतं घेऊ विचारलं तर म्हणाला, "सगळ्यात मोठं घ्या, पस्तावणार नाही." मी म्हटलं, "चपलाही अशाच विकता का?"

मापं लिहून घे. फळी दीड वीत रुंद, दोन बोटं जाड. तिचे चौदा तुकडे हवेत, सगळे एकसारखे, केसाचाही फरक नको. घरामागच्या खोलीतलं टेबल तेच जुनं, साडेतीन वीत खोल, पाठ भिंतीला टेकलेली. काही काप तिरपे घ्यायचे आहेत, पाच अंशांना जरा कमी. यंत्राला हे जमतं का? काय बनवतोय ते विचारू नकोस.

फोनही करू नकोस. माप तोंडी सांगायचं नाही, हा नियम तुला लहानपणापासून पाठ आहे. ऑक्टोबरच्या दहा तारखेच्या आत यंत्र इथे पोचायला हवं. वीस तारखेला काम पुरं व्हायलाच हवं, एकवीस चालणार नाही.

ताईला जिने चढू देऊ नकोस. ती ऐकणार नाही, पण तुला आईवर ओरडायची सवय आहेच.

तुझा
मामा


१० सप्टेंबर

ती. मामा,
नमस्कार.

आईचं बरं आहे. शस्त्रक्रियेला सात आठवडे झाले. डॉक्टरांनी तिला जिने आणि वाईट बातम्या, दोन्ही बंद केल्या आहेत. जिन्यांवर मी लक्ष ठेवते.

तुझी मापं मिलिमीटरमध्ये केली. तुझी वीत २२८. मी आठ वर्षांची असताना ती पोलादी पट्टीने तीन वेळा मोजली होती आणि तिन्ही वेळा तेवढीच भरली होती. तेव्हा फळी ३४२ रुंद आणि टेबल ७९८ खोल.

ही यंत्रं साधारण तीन आकारांत मिळतात. पात्याचा व्यास २१६, २५४ किंवा ३०५. लोक व्यास बघून यंत्र घेतात, आणि तिथेच फसतात. व्यासावरून ठरतं लाकूड किती जाड कापलं जाईल. किती रुंद कापलं जाईल ते ठरतं सरकदांड्यांच्या लांबीवर. तुझी फळी दोन बोटं जाड आहे, म्हणजे जाडीला सगळ्यात लहान यंत्रही पुरेल. अडचण रुंदीची. लहान आणि मधलं यंत्र जेमतेम ३०० ते ३१० रुंद कापतं. ३४२ हवं असेल तर ३०५चंच घ्यावं लागेल, ते ३४५पर्यंत जातं. दुकानदार चुकीच्या कारणाने का होईना, बरोबर बोलला. वजन २७ किलो. तिरपे काप जमतात.

आमच्याकडे यंत्र सुचवण्याआधी एक तक्ता भरतात. तुझा मी भरला आहे, सोबत जोडते. खोलीचं दार किती रुंद आहे तेवढं कळव, खोका आत जायला हवा. आणि पाच अंशांना जरा कमी, म्हणजे किती? असा कोन मी कुठल्याच फर्निचरमध्ये पाहिलेला नाही.

तू करून दिलेली अवजारांची पेटी इथे माझ्या टेबलावर असते. मागच्या आठवड्यात नव्या साहेबांनी ती उलटीपालटी करून पाहिली. "यात एकही खिळा नाही?" म्हणाले. मी म्हटलं, "माझ्या मामाने केली आहे." अठरा वर्षांत एक सांधा हललेला नाही. बिजागऱ्या मात्र अजून कुरकुरतात. सगळी तेलं घालून झाली.

मामींना नमस्कार सांग.

तुझी
भाची


१७ सप्टेंबर

चि. मिलिमीटर,

सत्तावीस किलो! यंत्र आहे की सासरचं माणूस? रोज काम झालं की ते टेबलावरून उतरवून ठेवायचं आहे, कारण टेबल एकच आणि कामं दहा. याहून हलकं काही नाही का?

दुकानात जाऊन तुझं ते ३०५ पाहिलं. मूठ फार जाड आहे. तिच्यावर पंजा नीट बसत नाही आणि बटण दाबायला अंगठा पुरत नाही. मामी सोबत होती. तिने मूठ धरून पाहिली, तर दुकानातला पोरगेलासा विक्रेता म्हणाला, "काकू, हा मिक्सर नाही." मामी म्हणाली, "कळतंय. मिक्सरला डोकं चालवावं लागत नाही म्हणून तो तुझ्याकडे असेल." दुसरं यंत्र मात्र काही त्याने दाखवलं नाही.

दार चार वीत आणि वर चार बोटं. तक्त्यात तू 'उजवा हात' लिहिलं आहेस. तिथे 'डावा' लिहिलं तर यंत्र बदलतं का?

पाच अंश कशाला, ते नको विचारू म्हटलं होतं. तुझ्या आजोबांनी तुला प्रश्न विचारायला शिकवलं आणि थांबायला शिकवायचं राहून गेलं.

दिवस थोडे आहेत. लवकर कळव.

तुझा
मामा


२२ सप्टेंबर

मामा,

आज नमस्कार लिहीत नाही. आधी मला उत्तर हवं आहे.

काल यंत्र मागवण्यापूर्वी मी तुझं टेबल कागदावर काढलं. ३०५च्या सरकदांड्या पाठीमागे बाहेर येतात, त्या भिंतीला लागतील का ते पाहायचं होतं. रेघ ओढताना आठवलं, की ते टेबल प्लायच्या एका तावातून निघालेलं आहे. मी दहा वर्षांची होते. ताव १२२० रुंद होता, तू तो उभा अर्धा कापलास आणि दुसरं टोक मी धरलं होतं. अर्धा म्हणजे ६१०. ते टेबल ७९८ कधीच नव्हतं.

आधी वाटलं, तू मोजताना चुकलास. मग दार पाहिलं. जुनं कपाट त्या खोलीत न्यायचं होतं तेव्हा चौकट मी मोजली होती. ७६२. माझ्या वहीत आकडा आहे. तू लिहिलंस चार वीत चार बोटं. तुझ्या हिशेबाने ते ९८०च्या पुढे जातं.

मग उलटं गणित केलं. ६१०ला साडेतीनने भागलं. १७४. ७६२मधून चार बोटांचे सत्तर वजा केले आणि चारने भागलं. १७३.

तू दोन्हीकडे चुकला नाहीस. दोन्हीकडे एकाच हाताने मोजलंस. तो हात आता २२८चा राहिलेला नाही.

माणसाची वीत चोपन्न मिलिमीटरने आखडत नाही. वीत म्हणजे अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. मी माझ्या हातावर करून पाहिलं. करंगळी दुमडली तर इतका फरक पडत नाही. अंगठ्याचं वरचं पेर दुमडलं तरी पडत नाही. आख्खा अंगठा दुमडला की पडतो.

त्यानंतर तुझं पत्र पुन्हा वाचलं. मुठीवर पंजा बसत नाही. बटणाला अंगठा पुरत नाही. तक्त्यात डावा हात लिहिला तर चालेल का. हे सगळं तू मला लिहिलंस, मामींनी ते स्वतःच्या हाताने उतरवून घेतलं, आणि मधे एक विनोदही घातलात.

कधी झालं? कशावर झालं? मागच्या वर्षी तुला लाकडात खाचा कोरायचा राउटर मी पाठवला होता. त्याच्या पात्याचं आवरण काढून काम करू नकोस, असं मी चिठ्ठीत लिहिलं होतं का, ते कालपासून आठवतेय. आठवत नाही. मला सगळं आठवतं आणि हे आठवत नाही. काल जाडी मोजायचा कॅलिपर हातात धरून मी किती वेळ बसले होते कोण जाणे. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "काय मोजतेयस?" माझ्या जबड्यात काहीच नव्हतं, म्हणजे कॅलिपरच्या.

फोन केला. मामी म्हणाल्या, "तो मागे काम करतोय, आवाज ऐकू येत नाही का?" मला आवाज ऐकू आला नाही.

यंत्र मागवलेलं नाही. खरं कळेपर्यंत मागवणार नाही. मिनिटाला पाच हजार फेरे घेणारं पातं मी अंगठा नसलेल्या हातात देणार नाही, तो हात तुझा असला तरी.

भाची


२७ सप्टेंबर

चि. सौ. नसलेल्या आमच्या भाचीस,

हे पत्र मामी लिहिते आहे. या वेळी अक्षरही माझं आणि बोलही माझे. खरं तर मागची दोन्ही पत्रंही तशीच होती.

तुझ्या मामाचे दोन्ही अंगठे जागेवर आहेत. दहाही बोटं आहेत. आधी हे दोनदा वाच, मग पुढे जा.

एकोणीस ऑगस्टला सकाळी दाढी करताना त्याच्या हातातून वस्तरा पडला. मी आतून म्हटलं, "सांडलवंड सकाळपासून?" उत्तर आलं नाही. त्याला उत्तर न देता कधी राहवलं आहे? म्हणून मी गेले. तो बेसिनला टेकून उभा होता आणि अर्ध्या चेहऱ्यावर फेस होता. उरलेला अर्धा चेहरा खाली ओघळला होता. पक्षाघात. उजवा हात आणि उजवा पाय गेला. आता तो उपचार केंद्रात आहे. बोलतो, पण एकेक शब्द हुडकून काढतो. पहिलं पूर्ण वाक्य बोलला ते हे: "ताईला सांगू नका." दुसरं: "मिलिमीटरला तर नाहीच. नोकरी टाकून येईल आणि मला मोजत बसेल."

तुझी आई नुकती शस्त्रक्रियेतून उठलेली. आणि ज्या घरात तुझी आई त्याच घरात तू. तुला सांगितलं असतं तर तुझा चेहरा बघून तिने ओळखलं असतं, तू कितीही दगडासारखा ठेवलास तरी. म्हणून लपवलं. चूक असेल तर माझी.

वीस ऑक्टोबरला त्याला घरी सोडणार आहेत. चाकाच्या खुर्चीत. आपल्या पुढच्या दाराला दोन पायऱ्या आहेत, तुला माहीत आहेत, दोन्ही मिळून उंची तीनशे. हे मात्र टेपने मोजलं. केंद्रातल्या बाई म्हणाल्या, उतार एकास बारा हवा, त्याहून उभा केला तर खुर्ची मागे घसरते. म्हणजे छत्तीसशे लांब. जुन्या मांडणीच्या फळ्या आहेत, त्याच वापरायच्या. एकापुढे एक चौदा तुकडे. कठड्याच्या खांबांची टोकं उताराइतकी तिरपी. हा तुझा पाच अंशांना जरा कमी.

कोपऱ्यावरच्या सुताराकडे गेले होते. "दोन महिने हात रिकामा नाही," म्हणाला. वर विचारतो, "घरात एवढा मोठा कारागीर असताना माझ्याकडे कशाला, काकू?" काय सांगणार? उतार झाला नाही तर वीस तारखेला केंद्रवाले त्याला आणखी महिनाभर ठेवून घेतील. तो तिथे भिंतीकडे तोंड करून झोपतो, गं. मी गेले की म्हणतो, "घर." इतकंच.

वीत माझी आहे. मामासारखं लिहायचं म्हणून वितीत लिहिलं, आणि तू मामाच्या वितीने गुणशील हे डोक्यातच आलं नाही. डाव्या हाताचं विचारलं ते मात्र त्याच्यासाठी होतं. एखादा काप त्याने घ्यावा, कधीतरी.

आता एक माझं. तुझ्या त्या तक्त्यात पहिला रकाना आहे 'वापरणारा कोण'. तो तू मला न विचारता भरलास. मामाचं वय, मामाची उंची, मामाचा हात. मी पत्रात मूठ जाड लागते म्हणून लिहिलं, तर तुला अंगठा तुटलेला मामा दिसला. लहान हाताची बाई दिसली नाही. मामाला तू 'तू' म्हणतेस, मला 'तुम्ही'. असो.

यंत्र देणार नसशील तर तसं कळव. हातकरवत आहेच.

तुझी
मामी


१ ऑक्टोबर

ती. मामी,
नमस्कार.

पत्र काल मिळालं. ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलंत ते बरं केलंत, घरी आईने आधी उघडलं असतं. मी ते जिन्यात उभी राहून वाचलं. चौथ्या मजल्यावर मला कोणाला तरी भेटायचं होतं. कोणाला, ते अजून आठवलेलं नाही.

संध्याकाळी फोन केला तेव्हा माझ्या तोंडून फक्त "हो" निघालं, सात-आठ वेळा. माप तोंडी सांगायचं नाही या नियमात बाकीचंही काही येत असावं.

दीड महिन्यात मी एकदाही ओळखलं नाही. तीनशेला छत्तीसशे, एकास बारा, त्याचा कोन ४.८ अंश. हे मला झोपेत यायला हवं होतं. मी मात्र लिहिलं की असा कोन फर्निचरमध्ये नसतो. आमच्या इमारतीच्या दारात असाच उतार आहे. मी रोज त्यावरून चालते.

आता यंत्र. तुमची वीत १७४ धरून सगळं नव्याने केलं.

फळी दीड वीत म्हणजे ३४२ नव्हे, २६१. लहान यंत्र ३००पर्यंत कापतं. म्हणजे २१६चं पुरेसं आहे, आणि तेच योग्य आहे. ३०५चं आलं असतं तर तुमच्या ६१०च्या टेबलावर त्याच्या दांड्या भिंतीला लागल्या असत्या. ते मागे सरकलंच नसतं. शिवाय २७ किलो रोज उचलून पहिल्या आठवड्यात तुमची पाठ गेली असती, आणि घरात आधीच एक माणूस आजारी. मी सुचवलेलं यंत्र सर्व बाजूंनी चुकीचं होतं. चुकीच्या माणसासाठी ते अगदी बरोबर होतं.

२१६चं वजन १४ किलो. त्याच्या दांड्या पुढे येतात, मागे भिंत चालते. मूठ आडवी आहे आणि बारीक आहे. ती डाव्या हातानेही धरता येते. मी काल प्रयोगशाळेत आमच्या सगळ्यांत लहान हाताच्या मुलीला ती धरायला लावली. तिची वीत १७१. तिचा अंगठा बटणावर नीट बसला.

यंत्र उद्या इथून निघेल, सातपर्यंत पोचेल. मला सतरापासून रजा मिळाली आहे, सतरा ते एकवीस मी तिथे आहे. आईला मी सांगेन, येण्याआधी, डॉक्टरांसमोर बसवून.

तोपर्यंत हे पाळा. फळी हाताने धरायची नाही, यंत्राबरोबर क्लॅम्प येतो, त्यात आवळायची. पात्यापासून दोन्ही हात एक वीत लांब, तुमची वीत. पातं पूर्ण थांबल्याशिवाय वर उचलायचं नाही. पहिला काप रद्दी फळीवर.

एक गोष्ट विचारणं भाग आहे. राग मानू नका. तक्त्यात दुसरा रकाना अनुभवाचा आहे, तो या वेळी विचारून भरते. मामी, तुम्ही याआधी कधी लाकूड कापलं आहे का?

तुमची
भाची


८ ऑक्टोबर

चि. मिलिमीटर,

यंत्र काल आलं. खोका मी एकटीने आत नेला. मूठ हाताला छान बसते. पहिला काप रद्दी फळीवर घेतला, तुझ्या आज्ञेप्रमाणे. दुसरा खऱ्या फळीवर. आज अंधार पडायच्या आत नऊ तुकडे झाले. एकावर एक रचून कडेवरून बोट फिरवलं, कुठे अडकलं नाही.

तुझा प्रश्न वाचून आधी हसले. मग हसू गेलं आणि खुर्चीत बसून राहिले. अठरा वर्षं, गं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुझ्या टेबलावरची पेटी मोज. माझ्या वितीने.

तुझा मामा कारखान्यात हजेरी लिहायचा. लाकडाची आवड त्याला होती, हात मला होता. माझे वडील सुतार, भाऊ नव्हता, पटाशी माझ्या हातात आली. लग्नानंतर मागची खोली मी मागून घेतली. मी आखायचे, कापायचे, सांधे बसवायचे. संध्याकाळी तो यायचा, घासायचा, रंगवायचा, बिजागऱ्या आणि कड्या लावायचा आणि भरपूर बोलायचा. वस्तू न्यायला लोक यायचे ते बोलणाऱ्याचं नाव घेऊन जायचे. सुरुवातीला त्याने दोन-तीनदा सांगितलं, "अहो, हे हिचं काम आहे." लोक म्हणाले, "वा, बायकोचं किती कौतुक!" मग त्यानेही सोडून दिलं आणि मीही.

तू सुट्टीत यायचीस तेव्हा मी स्वयंपाकघरात असायचे. घरात पाहुणे असले की मी सुतार नसायचे. प्लायचा ताव मात्र त्यानेच कापला होता, तुला दाखवायला. म्हणून ते टेबल एका बाजूला तीन मिलिमीटर कमी आहे. मोजून बघ आलीस की.

मागच्या वर्षीचा राउटर मी रोज वापरते. आवरण काढत नाही. चिठ्ठीत तू लिहिलं होतंस, माझ्याकडे ती आहे.

मामाला सांगितलं, मिलिमीटरला सगळं कळलं. डोळे मिटून पडला होता. म्हणाला, "मोजलं. असेल. तिने."

अनुभवाच्या रकान्यात बत्तीस वर्षं लिही.

मामी


१२ ऑक्टोबर

प्रिय मामी,

पेटी मोजली. ३४८. दोन वीत, तुझी.

हा आकडा माझ्यासाठी नवा नाही. आठ वर्षांची असताना, पेटी मिळाली त्याच दिवशी, मी ती मोजली होती. मामा म्हणाला होता, "दोन वीत पेटी, राणी." मी त्याची वीत दुप्पट केली, ४५६ आलं, पेटी भरली ३४८. वहीत मी त्यापुढे लिहिलं आहे: 'मामाची चूक, १०८ मि.मी. सांगायचं नाही, त्याला वाईट वाटेल.' वही माझ्यासमोर उघडी आहे. शिसपेन्सिलीचं अक्षर पुसट झालंय, पण वाचता येतं.

मी मोजमापाच्या कामात आले ती त्या पेटीमुळे. नोकरीच्या मुलाखतीत विचारलं होतं, "या क्षेत्रात का?" तेव्हाही मी हीच गोष्ट सांगितली होती. एवढा कसलेला कारागीर एवढ्या मोठ्या फरकाने चुकला कसा, याचं मला नेहमी कुतूहल होतं. त्याची नाना कारणं मी शोधली. लाकूड कमी पडलं असेल. घाई झाली असेल. पेटी दुसऱ्या कोणाच्या हातची असेल, हे एकदाही सुचलं नाही. मागच्या महिन्यात १७४ हा आकडा मी स्वतः काढला, दोनदा पडताळला, अंगठा दुमडून पाहिला, आणि पेटी तेव्हा माझ्या कोपरापासून दहा इंचांवर होती.

मला अजून नीट बसून काम करता येत नाही. काल नव्या साहेबांच्या खोलीत जाऊन सांगितलं, "ती पेटी माझ्या मामीने केली आहे." ते म्हणाले, "बरं." त्यांना त्यात काही वाटलं नाही. मला दार लावताना मूठ सापडेना.

आईलाही सांगितलं, डॉक्टरांसमोर. ती मामासाठी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "पेटीचं तुला माहीत नव्हतं? मला वाटलं तुला माहीत आहे." घरात हे सगळ्यांना माहीत होतं. मोजपट्टी घेऊन फिरणारी तेवढी मी एकटीच होते.

तक्ता पुन्हा भरून सोबत पाठवते आहे. वापरणारा कोण: मामी. अनुभव: बत्तीस वर्षं. वीत: १७४. मोजणारीची सही खाली आहे. चूक असेल तर खोड.

कठड्याचे खांब मी येईपर्यंत ठेव. टोक धरायला मी आहे.

तुझी
मिलिमीटर


४ नोव्हेंबर

मिलिमीटर,

डाव्या हाताने लिहितो. अक्षर हसण्यासारखं आहे. हस.

उतार उतरलो. चढलो पण. खुर्ची घसरली नाही. शेजारी बघायला आले. म्हणाले, "मामा, आजारपणातही काय काम केलंत!" मला शब्द लवकर सापडत नाहीत. या वेळी सापडला. "हिने." पुन्हा म्हणालो. "हिने." ते हसले नाहीत.

शेवटचा खांब मी कापला. डावा हात, क्लॅम्प, मामी मागे उभी. एक मिलिमीटर कमी भरला. तिने लावला तसाच.

तू पाच दिवस होतीस. रडली नाहीस. मी बघत होतो. टेबल मात्र मोजलंस. तीन कमी आहे. माहीत आहे मला.

पेटी मी केली, असं मी म्हटलं नव्हतं कधी. दोन वीत पेटी, एवढंच म्हटलं होतं. बिजागऱ्या माझ्या आहेत.

म्हणून कुरकुरतात.

मामा